निर्वस्त्रांचे सण

सण आणि नवे वस्त्र यांची सांगड आपल्या मनात इतकी घट्ट बसलेली आहे की, एकावाचून दुसऱ्याची कल्पना करणे आपणांस जड जाते. दिवाळी जवळ आली म्हणजे घरात पहिली बोलणी निघतात ती मुलांच्या कपड्यांची. दसऱ्यास, पाडव्यास, घरच्या मंगलकार्यास अंगावर विटके वस्त्र असणे हे केवळ दारिद्र्याचे नव्हे, तर अशुभाचे लक्षण समजले जाते. देवांचीही ह्यातून सुटका नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यातच तुळजापूरची भवानी आहे. तिला महावस्त्र नेसवावयाचे, अलंकार घालावयाचे, खणानारळाने तिची ओटी भरावयाची, हा तिच्या उत्सवाचा गाभाच होय. नाताळच्या मध्यरात्री प्रार्थनेस जाणारी ख्रिस्ती कुटुंबे पाहिली तरी तोच प्रकार दिसतो. मुलांच्या अंगावरच्या नव्या कपड्यांची घडी अजून मोडलेली नसते. मग ज्यांनी वस्त्राचाच त्याग केला, त्यांचा सण कसा होत असेल? प्रश्न रिकामपणाचा वाटतो, आणि आम्हांसही तो प्रथम तसाच वाटला. परंतु तो आमच्यापुढे ज्या रीतीने आला, ती रीत आम्हांस फारशी भूषणावह नव्हती. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

गतवर्षी डिसेंबरात, नाताळची सुटी चार-आठ दिवसांवर आली असता, आम्ही आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांस घेऊन धाराशिवची लेणी पाहावयास गेलो होतो. गावाजवळच बालाघाटच्या डोंगरकपारीत ही सात लेणी कोरलेली आहेत. जेम्स बर्जेस यांनी १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्यांचे वर्णन केले आहे. मूळ लेणी बौद्धांची व पुढे ती जैनांची झाली, असे एक मत आहे. ते काही असो. आज तेथे पार्श्वनाथाच्या मूर्तीपुढे उभे राहणाऱ्यास ते स्थान जैनांचे म्हणूनच ओळखीचे होते. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर मुनींनी रचलेल्या ‘करकंडचरिउ’ ह्या अपभ्रंश काव्यात, करकंड राजास तेरापूरजवळच्या एका लेण्यात पार्श्वनाथाची मूर्ती सापडल्याची कथा आहे. तेरापूर म्हणजे आमच्या जिल्ह्यातील तेर, आणि ते लेणे म्हणजे धाराशिवचे लेणे, असे हे काव्य १९३४ साली संपादून छापणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांनी दाखविले आहे. आम्ही हे सर्व विद्यार्थ्यांस सांगत होतो. तितक्यात एकाने विचारले, “सर, दिवाळीला ह्या देवांना नवे कपडे कोण घेते?” मुले हसली. दुसरा म्हणाला, “सर, फ्रान्सात म्हणे माणसे वसाहती करून अशीच उघडी राहतात. त्यांचा नाताळ कसा होत असेल?” आम्हांस विनोदाची लहर आली आणि आम्ही उत्तरलो, “कुडकुडत होत असेल!” मग तर लेणे हशाने दुमदुमून गेले. त्या गर्दीत भूमकडचा एक जैन विद्यार्थी होता. तो मुकाट्याने बाहेर पडला आणि आमची पाहणी संपेपर्यंत एकटाच एका खडकावर बसून राहिला. परतीच्या वाटेवर तो कोणाशी बोलला नाही. तीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्याने दोन प्रश्नांना मिळून एक कोटी करावी, आणि तीही ज्याच्या घरचा देव समोर आहे त्याच्या देखत, ह्याची लाज आम्हांस घरी आल्यावर वाटली. पुढील विवेचन हे त्या कोटीचे प्रायश्चित्त आहे.

दोन प्रश्नांपैकी फ्रान्सचा प्रश्न दूरचा व त्यामानाने सोपा. म्हणून तो आधी घेऊ. वस्त्ररहित राहण्याच्या विचारास फ्रेंच लोक ‘नातुरिस्म’ म्हणतात. ऊन, वारा व पाणी यांचा शरीराशी थेट संबंध यावा, वस्त्राने उत्पन्न होणारे श्रीमंत-गरीब हे भेद गळून पडावे, आणि शरीराकडे पाहण्याची चोरटी नजर जाऊन तेथे मोकळी नजर यावी, असा त्या विचाराचा मथितार्थ आहे. किएन द मोंजो यांनी १९२६ पासून आपल्या नियतकालिकाच्या द्वारे त्याचा पुरस्कार केला. गास्तों व आंद्रे द्युर्व्हिल ह्या दोघा डॉक्टर बंधूंनी १९२८ साली पॅरिसजवळ सेन नदीच्या एका बेटावर, आणि १९३१ साली भूमध्यसमुद्रातील लेव्हां बेटावर ‘एलिओपोलिस’, म्हणजे सूर्यनगर, नावाची वसाहत वसविली. १९५० साली आल्बेर व क्रिस्तियान लकोक ह्या दांपत्याने अटलांटिकच्या किनाऱ्यावर मोंतालिव्हे येथे मोठे केंद्र उभारले. १९५३ साली तेथेच ह्या चळवळीचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

ह्या विचाराची वार्ता महाराष्ट्रास नवी नाही. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला राहून आलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्याच्या मुखपृष्ठावर विवस्त्र चित्रे असत आणि आत नग्नतेचा निर्भयपणे पुरस्कार केलेला असे. त्यापायी व इतर लेखनापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. कर्व्यांचे सर्व म्हणणे आज कोणास पटो वा न पटो, हशाच्या विषयावर गंभीरपणे लिहिण्यास किती किंमत मोजावी लागते, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

आता त्यांच्या नाताळाविषयी. पहिली गोष्ट अशी की, नातुरिस्म हा धर्म नव्हे. त्यास देव नाही, व्रत नाही, पंचांग नाही. तो मानणारी माणसे आपल्या शेजाऱ्यांप्रमाणे कोणी कॅथलिक, कोणी प्रॉटेस्टंट, कोणी कोणत्याच पंथाची नसलेली अशी असतात, आणि नाताळ ती आपापल्या घरच्या रीतीने करितात. दुसरी गोष्ट, ही वस्त्रहीनता ऋतूवर अवलंबून असते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरही डिसेंबरात मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटतो. त्यापुढे तत्त्वज्ञान चालत नाही. तिसरी गोष्ट, खुद्द लेव्हां बेटावर बंदरात व गावच्या चौकात कमरेस लहानसे वस्त्र असावे, असा दंडक प्रथमपासून आहे. म्हणजे ज्या वसाहतीस आपण सर्वस्वी निर्वस्त्र समजतो, तीही स्थळ, काळ आणि समाज पाहूनच वस्त्र सोडते व पुन्हा घेते. तेव्हा आमच्या विनोदातील ‘कुडकुडणे’ हे मुळातच खोटे होते. थंडीत ही माणसे तुमच्याआमच्यासारखीच लोकर पांघरतात.

परंतु लेव्हां बेट ज्या प्रोव्हान्स प्रांताच्या किनाऱ्याला लागून आहे, त्या प्रांताची नाताळची रीत मोठी मनोवेधक आहे, आणि आमच्या प्रश्नाचा खरा धागा तेथेच सापडतो. ४ डिसेंबरास, संत बार्बराच्या दिवशी, तेथील घराघरांत तीन बशांमध्ये गहू भिजत घालितात. नाताळपर्यंत त्यास हिरवे कोंब फुटतात आणि ते ताटव्यासारखे पंगतीच्या मेजावर मांडतात. कोंब जितके दाट तितके येणारे वर्ष सुगीचे, असा समज आहे. ज्या जिल्ह्यात आश्विन शुद्ध प्रतिपदेस घराघरांत माती पसरून धान्य पेरतात व नवव्या दिवशी वीतभर वाढलेले कोंब डोक्यात खोवितात, तेथील वाचकास ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २४ तारखेच्या रात्री घरातील सर्वांत वडील मनुष्य व सर्वांत धाकटे मूल मिळून फळझाडाचा एक ओंडका चुलीपाशी नेतात, त्यावर मद्याची धार धरितात आणि तो पेटवितात. मग मांसरहित भोजन होते. त्या मेजावर पांढरीशुभ्र वस्त्रे अंथरावयाची ती एक नव्हे, दोन नव्हे, तर तीन, एकावर एक. शेवटी तेरा प्रकारचे गोड खाद्य येते. ख्रिस्त व त्याचे बारा शिष्य मिळून ती संख्या होते. आणि एक पान वाढून रिकामे ठेवितात. ते दारी येईल त्या गरिबाचे.

ह्याच प्रांतात घरोघरी मातीच्या लहान चित्रांची गव्हाणी मांडण्याची चाल आहे. त्या चित्रांस ‘सांतों’, म्हणजे छोटे संत, म्हणतात. राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चे बंद पडल्यावर ही घरगुती गव्हाणी विशेष पसरली. मार्सेय येथे १८०३ पासून सांतोंचा बाजार भरत आला आहे. ह्या देखाव्यात बेथलेहेम नावापुरतेच असते. वास्तविक ते प्रोव्हान्समधील एखादे खेडे असते. पाववाला, कोळीण, धनगर, गावचा मुखत्यार, चाकूला धार लावणारा, असे सर्व आपापल्या धंद्याच्या पोशाखात तेथे हजर असतात. कोणाचा झगा, कोणाची टोपी, कोणाची शाल. चित्रकार त्या कपड्यांवर आपले सर्व कौशल्य खर्च करितो. मधली गव्हाण मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. मग तीत मूल ठेवितात. साऱ्या देखाव्यात अंगावर जवळजवळ काही नसलेले असे ते एकच.

नाताळास ही गव्हाणी कोणी दिली, हे पाहिले म्हणजे योगायोग आणखी गहिरा होतो. परंपरेने तिचा मान आसिसीच्या संत फ्रान्सिसाकडे जातो. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो नावाच्या खेड्यात त्याने नाताळच्या रात्री खरा बैल, खरे गाढव व गवताने भरलेली गव्हाण आणवून तो प्रसंग गावकऱ्यांस डोळ्यांनी दाखविला. हा फ्रान्सिस कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या दानधर्मास कंटाळून बापाने त्यास बिशपापुढे उभे केले, तेव्हा १२०६ च्या सुमारास भर लोकांत त्याने अंगावरचे सर्व कपडे उतरविले, घडी करून बापाच्या हवाली केले आणि इतःपर आपला पिता तो स्वर्गातला, असे सांगून तो मोकळा झाला. बिशपाने आपल्या झग्याने त्यास झाकले. १२२६ साली मरणसमयीही, आपणांस उघड्या भुईवर उघडे ठेवावे, अशी त्याने इच्छा दर्शविली. कापडाच्या दुकानात वाढलेल्या ह्या पुरुषाने वस्त्र टाकिले, आणि त्याच्याच हातून ख्रिस्ती जगास नाताळचा सर्वांत प्रिय देखावा मिळाला. तो देखावा पाहावयास लोक मात्र आठशे वर्षे नवे कपडे घालून जात आले आहेत. ह्यात विसंगती आहे काय? आम्हांस तशी वाटत नाही. परंतु ते ठरविण्यापूर्वी आपल्या देशातील दोन उदाहरणे पाहिली पाहिजेत.

पहिले उदाहरण असे की, ते ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. आधुनिक अर्थाने जगातील पहिला म्हणून ओळखला जाणारा निर्वस्त्रसंघ फ्रान्सात किंवा जर्मनीत निघाला नाही. तो ठाण्यात निघाला. १८९१ साली ठाण्याचे जिल्हा व सेशन्स न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी ‘नग्न विश्वासाचा बंधुसंघ’ अशा अर्थाच्या नावाची एक मंडळी स्थापन केली. मुंबईचा बाजार ज्यांच्या नावाने ओळखला गेला, ते आर्थर क्रॉफर्ड हे नव्हेत. न्यायाधीश महाशय विधुर होते. संघाचे सभासद अवघे तीन : ते स्वतः आणि एका अँग्लिकन मिशनऱ्याचे दोन मुलगे. सवड मिळेल तेव्हा माथेरानच्या एकांतात किंवा तुळशी तलावाकाठी ही मंडळी वस्त्रे ठेवून राहत. संघाचे नियम लिहिलेले होते. त्यांची हकीकत क्रॉफर्ड यांनी एडवर्ड कार्पेंटर ह्या इंग्रज ग्रंथकारास पत्रांनी कळविली, म्हणूनच ती आज आपणांस ठाऊक आहे. पुढे क्रॉफर्ड यांची बदली रत्नागिरीस झाली आणि संघ विस्कटला. १८९४ साली ते वारले.

दिवसा न्यायासनावर साम्राज्याचा पोशाख घालून बसणाऱ्या ह्या गृहस्थाचे चित्र डोळ्यांपुढे आणून हसणे सोपे आहे. वस्तुतः त्यात एक करुण भाग आहे. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्याचे वस्त्र हे केवळ वस्त्र नव्हते. उन्हाळ्यातही गळाबंद राहणे ही त्याच्या सत्तेची निशाणी होती. ती निशाणी चार दिवस उतरवून ठेवावी, असे एका न्यायाधीशास वाटले, आणि त्यासाठी त्यास अरण्य गाठावे लागले. त्याच्या संघास नियम होते, नाव होते, तत्त्व होते. काय नव्हते, तर घर. त्यात आजी नव्हती, मूल नव्हते, पंगत नव्हती. ज्या दिवशी दिवा लावावा असा त्या संघाचा स्वतःचा दिवस नव्हता. कोर्टाची सुटी हाच त्याचा सण. म्हणून एका सरकारी हुकमाने तो संपला. फ्रान्समधील वसाहती टिकल्या, त्याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, त्यांत प्रथमपासून कुटुंबे होती, आणि कुटुंब आपला नाताळ कोठेही बरोबर घेऊन जाते.

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्यातले. भूम तालुक्यातील कुंथलगिरी ही टेकडी दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण व देशभूषण हे राजपुत्र येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. त्यांची कथा आमच्या विषयास फार जवळची आहे. गुरूकडे दीर्घकाळ राहून विद्या संपादून दोघे भाऊ नगरात परतले, तेव्हा गवाक्षात उभी असलेली एक सुंदर कन्या पाहून दोघांचेही मन तिच्यावर गेले. मनात एकमेकांविषयी वैरही उत्पन्न झाले. तोच कळले की, ती आपली बहीण. त्या क्षणी दोघांस आपल्या दृष्टीची किळस आली आणि त्यांनी राज्याबरोबर वस्त्रांचाही त्याग केला. पुढे ते तपास बसले असता त्यांच्यावर घोर उपसर्ग झाला आणि राम-लक्ष्मणांनी तो निवारिला, असे सातव्या शतकातील रविषेणाच्या ‘पद्मपुराणा’त वर्णन आहे. येथे वस्त्रत्याग हा आरोग्यासाठी नाही, उन्हासाठीही नाही. दृष्टी शुद्ध करण्याची ती शेवटची पायरी आहे. ज्याच्या मनात विकार उरला नाही त्यास झाकण्याजोगे काही उरले नाही, असा त्यामागील भाव आहे. फ्रेंच मनुष्य वस्त्र काढतो तो शरीर पुन्हा मिळावे म्हणून. दिगंबर मुनी ते टाकितो तो शरीराचा मोह सुटावा म्हणून. दोघांची बाह्य स्थिती एक, दिशा अगदी विरुद्ध.

ह्याच टेकडीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर यांनी देह ठेविला. त्यांचा जन्म १८७२ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील भोजकडचा. १९२० साली त्यांनी मुनिदीक्षा घेतली व १९२४ साली सांगलीजवळ समडोळी येथे ते आचार्य झाले. त्यांच्या आधीच्या काळात दिगंबर मुनींचा उघड विहार फार विरळ झाला होता. राजसत्तेची बंधने होती, लोकांचा उपहास होता. आचार्यांनी दक्षिणेतून सम्मेदशिखरापर्यंत व पुढे दिल्लीपर्यंत पायी विहार केला, आणि विसरलेली वाट पुन्हा रुळली. १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना, म्हणजे क्रमाक्रमाने आहार सोडून शांतपणे मृत्यू स्वीकारण्याचे व्रत, आरंभिली. १८ सप्टेंबरास, छत्तिसाव्या दिवशी, ते समाधिस्थ झाले. सात वर्षांपूर्वीपर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या ह्या जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातील लहानशा टेकडीकडे त्या दिवसांत दूरदूरच्या प्रांतांतून लोकांची रीघ लागली होती. मध्ये एक वृद्ध, अस्थिमात्र, निर्वस्त्र पुरुष. सभोवार धूतवस्त्रे नेसलेली स्त्री-पुरुष-मुले.

आता सहलीनंतरची गोष्ट. आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतले आणि झाल्या प्रकाराबद्दल त्याची क्षमा मागितली. तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, “सर, मुले हसली त्याचे काही वाटले नाही, ती शाळेपासून हसतात. तुम्ही हसलात त्याचे वाटले.” ह्यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. जरा वेळाने आम्ही विचारले, “तुमच्या घरी दिवाळी कशी करितात?” त्याने सांगितले ते आम्ही येथे आमच्या शब्दांत देतो, कारण इतकी वर्षे ह्या जिल्ह्यात राहून आम्हांस ते कोणी सांगितले नव्हते, किंबहुना आम्ही कोणास विचारले नव्हते.

जैनांची दिवाळी म्हणजे महावीरांचा निर्वाणदिन. आश्विन अमावास्येस पहाटे पावापुरी येथे महावीर मुक्त झाले. ज्ञानाचा दीप मालवला म्हणून त्या रात्री अठरा गणराजांनी दीप उजळविले, अशी जुनी परंपरा आहे. महावीरांविषयी श्वेतांबर ग्रंथ म्हणतात की, दीक्षेनंतर वर्ष-सव्वावर्ष त्यांच्या अंगावर एक वस्त्र होते व पुढे तेही गेले. दिगंबर म्हणतात, दीक्षेच्या क्षणीच ते गेले. वस्त्र केव्हा गेले ह्याविषयी मतभेद आहे, गेले ह्याविषयी नाही. त्या पहाटे घरातील मंडळी स्नान करून नवी वा स्वच्छ धुतलेली वस्त्रे नेसून मंदिरात जातात आणि निर्वाणाचा लाडू चढवितात. त्या विद्यार्थ्याची आजी तो लाडू करण्यासाठी रात्रभर जागते आणि पहाटे जे लुगडे नेसते, ते वर्षातून त्याच दिवशी बाहेर निघते.

आणि मुनींचा सण? तोही त्याने सांगितला. मुनींपाशी दोनच मुख्य वस्तू असतात : कमंडलू, आणि बसण्याउठण्याआधी जागा हळुवारपणे झाडून जीवजंतू दूर करण्यासाठी मोरपिसांची पिच्छी. ती पिसे मोराने आपण होऊन गाळलेली असावी लागतात. चातुर्मास संपला म्हणजे श्रावक समारंभाने त्यांस नवी पिच्छी देतात आणि जुनी पिच्छी एखाद्या व्रतस्थ गृहस्थाच्या घरी जाते. त्यास पिच्छीपरिवर्तन म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे आपण घरात नवे कपडे आणितो, त्याच दिवसांत वस्त्रहीन मुनीस नवी पिच्छी मिळते. ती त्याच्या अंगासाठी नसते, त्याच्या पायाखाली येऊ शकणाऱ्या मुंगीसाठी असते. ह्यावाचून रोजचाही एक विधी आहे. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. त्यावेळी गृहस्थ दांपत्य शुद्ध वस्त्रे नेसून दारात उभे राहते आणि त्यांस आदराने आत बोलाविते. देणाऱ्याच्या अंगावर धुतलेले वस्त्र असलेच पाहिजे. प्रोव्हान्समध्ये वर्षातून एक रात्र गरिबाचे पान मांडून ठेवितात. कुंथलगिरीच्या परिसरात मुनींचा मुक्काम असतो तोवर ते पान रोज मांडलेले असते.

ह्या सर्वांतून जो विचार निघतो तो साधा आहे. सण ही गृहस्थाची संस्था आहे. वस्त्र, दिवा, पंगत, गोडधोड, मुलाबाळांचा कल्लोळ ह्यांवाचून ती उभी राहत नाही. परंतु त्या संस्थेच्या मध्यभागी ज्याची आठवण ठेविलेली असते तो पुष्कळदा असा असतो की, त्याने हे सर्व सोडिले होते, किंवा त्यास ते मिळालेच नव्हते. नाताळच्या मध्यभागी गवतावरचे उघडे मूल आहे, आणि त्या मुलाचा देखावा मांडणारा, बापास कपडे परत करणारा फ्रान्सिस आहे. जैनांच्या दिवाळीच्या मध्यभागी दिशा हेच वस्त्र केलेला महावीर आहे. नाशिकच्या कुंभमेळ्यातही नागा साधूंचे स्नान मध्ये असते आणि लाखो यात्रेकरू आपली धोतरे-लुगडी सांभाळीत भोवती उभे असतात. ज्यास काही नाही त्याच्यापुढे आपल्याजवळचे उत्तम ते नेसून जाणे, ही विसंगती नव्हे. आपण अद्याप सोडू शकलो नाही ह्याची ती नम्र कबुली आहे. जेथे अशी कबुली देणारे गृहस्थ भोवती असतात तेथे वस्त्रत्यागाची परंपरा शतकानुशतके टिकते. जेथे ते नसतात तेथे ती माथेरानच्या संघाप्रमाणे एका बदलीने संपते.

तेव्हा त्या दोन विद्यार्थ्यांस आम्ही आता उत्तर देऊ शकतो. फ्रान्समधील त्या वसाहतींतील लोक आपला नाताळ आपल्या शेजाऱ्यांसारखाच करीत असावेत : थंडी असेल तर लोकर पांघरून, ऊब असेल तर तीवाचून. कपड्यांची अट त्या सणास मुळी नव्हतीच, ती आपण घातलेली आहे. आणि लेण्यातील देवास दिवाळीचे नवे कपडे कोण घेते, ह्याचे उत्तर असे की, त्यास कोणी घेत नाही. त्याच्यासाठी भूमकडची एक म्हातारी आपले ठेवणीतले लुगडे बाहेर काढते.

येत्या डिसेंबरात नवे विद्यार्थी घेऊन आम्ही पुन्हा त्या लेण्यांत जाणार आहोत. प्रश्न बहुधा तेच येतील, हसूही येईल. तरुणांच्या हसण्यावर आमचा राग नाही. आम्ही मात्र ह्या वेळी कोटी करणार नाही. त्या विद्यार्थ्यास आम्ही बरोबर येण्याची विनंती केली आहे, आणि निर्वाणाच्या लाडवाची हकीकत त्यानेच सांगावी, असे ठरले आहे.